मदतनीस

आत्या शाळेतून निवृत्त झाली, त्यानंतर घरच्यांनी तिला एक नवीन काम लावून दिलं. घरी असण्याचं. गॅसवाला येणार असो, कुरिअर येणार असो, पाण्याची मोटर बघायला माणूस येणार असो, धाकटा भाऊ बूट घालता घालता म्हणायचा, "आत्या आहेच घरी." खरं तर त्याची ती ताई, पण त्याच्या मुलीचं ऐकून सगळं घर तिला आत्या म्हणायला लागलं आणि घराचं ऐकून सगळी गल्ली. उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलेला. एका शिट्टीत अख्खं मैदान गप्प करणारी बाई आता दारावरच्या बेलकडे कान लावून बसायची.

कॉलेजात असताना ती तीन वर्षं रग्बी खेळली होती. मग गुडघा गेला आणि रग्बीही गेली. पण शाळेत लागल्यावर ती जी पोरं समोर येतील त्यांना चेंडू काखेत धरून पळायला शिकवत राहिली. हा खेळ कुठला ते मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते याला 'बाईंची धरपकड' म्हणायचे.

त्यामुळे भाचीने एकदा गंमत म्हणून फोनवरची जाहिरात दाखवली, की परदेशात एका गावातल्या मुलांना रग्बी शिकवायला स्वयंसेवक हवेत, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं संस्था बघेल, तेव्हा आत्या हसली नाही. तिने चष्मा लावला, जाहिरात दोनदा वाचली आणि तिथल्या तिथे अर्ज भरायला लावला. संस्थेने तिला निवडलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आश्चर्य भाचीला वाटलं.

वहिनीने गुडघ्याची आठवण करून दिली. भाऊ म्हणाला की या वयात माणसं देवाधर्माला लागतात. मग त्याने खेळ नक्की कसा असतो ते विचारलं. आत्याने सांगितलं, "पुढे पळायचं आणि चेंडू मागे द्यायचा. पुढे दिलेला चालत नाही."

"आणि?"

"आणि समोरचे येऊन आपल्याला पाडतात."

भाऊ म्हणाला की एवढंच असेल तर त्याच्या ऑफिसात रोज तेच चालतं, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. पण तोवर तिकीट आलं होतं.

गावाच्या बसस्टँडवर तिला घ्यायला क्लबचा सेक्रेटरी आला होता. हा माणूस पोटापाण्यासाठी नळदुरुस्ती करायचा आणि पान्हा कायम मागच्या खिशात ठेवायचा. त्याने आत्याची बॅग उचलली, पण निघायचं नाव घेईना. म्हणाला, अजून एक बस यायची आहे. ती आली. तिच्यातून एक पंचविशीतला, दाराला वाकून बाहेर पडावं लागेल एवढा उंच मुलगा उतरला. खांद्यावर जाळीची पिशवी, पिशवीत चेंडू. आत्याने मनातल्या मनात त्याचं नाव डोंगर ठेवून टाकलं. मग तिला वाटलं, बरं झालं, सामान उचलायला माणूस पाठवलाय.

डोंगराने आत्याकडे पाहिलं, तेव्हा त्याच्याही मनात जेवणाखाणाचं बघणारी बाई आली असंच आलं होतं. हे नंतर कळलं.

सेक्रेटरीने रस्त्यातच सगळं सांगून टाकलं, कारण सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. क्लबला कोच मिळत नव्हता. म्हणून त्याने दोन संस्थांना लिहिलं होतं, की दोन खडे टाकले तर एखादा तरी लागेल. दोन्ही लागले. एकाला नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं, या विचारात महिना गेला आणि तोवर दोघंही विमानात बसले होते.

"म्हणजे कोच कोण?" आत्याने विचारलं.

सेक्रेटरीने पान्हा एका खिशातून दुसऱ्या खिशात घातला. "दोघंही," तो म्हणाला.

राहायची सोय एका लाँड्रीच्या वर होती. लाँड्रीची मालकीण क्लबची अध्यक्षही होती, कारण मुलांच्या जर्सी तीच फुकट धुवायची आणि ज्याच्याकडे जर्सी त्याच्याकडे क्लब. तिने एका कोचसाठी एक मोठी खोली रिकामी करून ठेवली होती. दोन कोच बघितल्यावर तिने सुतार बोलावला आणि संध्याकाळपर्यंत मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. खिडकी डोंगराच्या बाजूला गेली, पंखा आत्याच्या बाजूला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे म्यानाला प्लायवूड लावून सोय केली होती.

भाषेचं म्हणाल तर आत्याची एक, डोंगराची दुसरी, पोरांची तिसरी. कामापुरती एक चौथी भाषा सगळ्यांना थोडी थोडी यायची, आणि सगळ्यांना सारखीच वाईट यायची, त्यामुळे कुणालाच संकोच नव्हता.

मैदान सिमेंटच्या पाइपांच्या गोदामामागे होतं. टीममध्ये अकरा मुलं, मुलगे-मुली मिसळून, सगळी बारा-तेरा वर्षांची. स्पर्धा सात-सात जणांची असल्यामुळे तेवढी पुरत होती. त्यांच्यात एक मुलगी होती, दोन वेण्या घालणारी, जिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. आत्याने पहिल्याच दिवशी तिला वकील म्हणायला सुरुवात केली. आणि एक गोल चेहऱ्याचा मुलगा होता, ज्याला कुणी पाडायच्या आधी तो स्वतःच खाली बसायचा. त्याचं नाव घसरगुंडी पडलं.

सेक्रेटरीने वाटणी करून दिली. सोमवार-बुधवार आत्या, मंगळवार-गुरुवार डोंगर. आत्या शिकवायची, चेंडू छातीशी धरा, जवळच्याला द्या, समोरच्याला गुडघ्यांपाशी मिठी मारा, कितीही मोठा असला तरी पाय बांधल्यावर माणूस पडतो. डोंगर शिकवायचा, चेंडू लांब लाथाडा आणि त्याच्या मागे वाऱ्यासारखे सुटा. म्हणजे सोमवारी जे पाप होतं ते मंगळवारी पुण्य व्हायचं. पोरं दोन्ही दिवशी मान हलवायची.

वकील आठवड्याच्या शेवटी सेक्रेटरीकडे गेली. सामने शनिवारी असतात, तर शनिवार कुणाचा, असा तिचा प्रश्न होता. सेक्रेटरी एका सिंकखाली आडवा झाला होता. तिथूनच त्याने निकाल दिला, पहिला हाफ बाईंचा, दुसरा हाफ सरांचा.

तसंच खेळले. पहिल्या हाफमध्ये टीम आत्याच्या पद्धतीने हरली आणि दुसऱ्या हाफमध्ये डोंगराच्या. सामना संपल्यावर आत्या लाँड्रीवालीला म्हणाली की दुसऱ्या हाफमध्ये जरा जास्तच गुण गेले. थोड्या वेळाने डोंगर खाली आला आणि पहिल्या हाफबद्दल तेच म्हणाला. लाँड्रीवाली जर्सी मशीनमध्ये कोंबत होती. ती म्हणाली, "मळ दोन्हीकडचा सारखाच निघतो."

पुढचे दोन शनिवारही असेच गेले.

रविवारी घरून फोन यायचा. भाऊ विचारायचा, टीम कशी आहे, सगळं एकटीलाच बघावं लागतं का. पहिल्या रविवारी आत्या खरं सांगणारच होती. पण मागून वहिनीचा आवाज आला, "गुडघा बरा आहे ना म्हणावं, नाहीतर परत ये म्हणावं," आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं, "छे रे, मदतीला एक मुलगा दिलाय. चांगला धिप्पाड आहे. चेंडूबिंडू उचलतो." भावाचं समाधान झालं. एकदा मदतनीस म्हटल्यावर पुढच्या रविवारी त्याचं प्रमोशन करणं अवघड झालं. आत्याने त्याला मदतनीसच ठेवलं.

मग एका सकाळी डोंगर खाली लाँड्रीत जर्सी पिळत उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात, आणि इस्त्रीच्या टेबलावर त्याचा फोन वाजायला लागला. आत्या शेजारीच होती. डोंगर म्हणाला, आई आहे, जरा धरा. आत्याने फोन उचलला. पडद्यावर एक बाई, केस विंचरून तयार होऊन बसलेली, आत्याएवढ्याच वयाची. तिने आत्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तीही त्याच मोडक्यातोडक्या चौथ्या भाषेत बोलली.

"तुम्हीच ना त्या बाई? मदतीच्या? मुलगा सांगतो, एक म्हातारी मदतनीस दिली आहे, खूप चांगली आहे. त्याला एकट्याला एवढी टीम जमली नसती."

आत्याने डोंगराकडे पाहिलं. डोंगर जर्सी पिळत होता. त्या जर्सीत आता पाण्याचा थेंब उरला नव्हता तरी पिळत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मदतनीस एक वेळ ठीक होतं. म्हातारी आत्याला लागलं. आपल्या वयाचीच बाई आपल्याला म्हातारी म्हणते आहे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही, हे बघून तर जास्तच. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण त्या बाईच्या मागे भिंतीवर डोंगराचा रग्बीच्या पोशाखातला फोटो लावलेला दिसत होता, आणि फोटोखालच्या फळीवर एकही कप किंवा ढाल नव्हती. नुसतीच पुसून लख्ख ठेवलेली फळी.

"हो, मीच ती," आत्या म्हणाली. "मुलगा छान शिकवतो. पोरं त्याचं ऐकतात."

शेवटचं वाक्य खोटं होतं, पण त्या माउलीला ते कुठे माहीत होतं. तिने आत्याला आशीर्वादासारखं काहीतरी म्हटलं आणि मुलाला नीट जेवायला घाला अशी विनंती केली. आत्याने तेही कबूल केलं.

फोन ठेवल्यावर डोंगराने ती जर्सी एकदाची दोरीवर टाकली. मग म्हणाला की तो आजवर कुठल्याही टीममध्ये राखीव खेळाडूच होता, आणि निघताना त्याने आईला सांगितलं होतं की इथे सगळं त्याच्या हाताखाली असेल. आल्यावर एक बाई पण आहेत, त्याही कोच आहेत, हे सांगायचं राहून गेलं.

इथे आत्यानेही आपलं सांगून टाकायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. तिने "असू दे" म्हटलं आणि मोठेपणा घेऊन वर गेली.

तो मोठेपणा रविवारपर्यंत टिकला. रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आत्या अंघोळीला गेली होती आणि फोन पार्टिशनपाशी ठणाणा करत होता. डोंगराने परतफेड म्हणून तो उचलला. आत्या केस पुसत बाहेर आली, तर आत दोघांचं चांगलं रंगात आलेलं. भावालाही ती चौथी भाषा थोडीफार यायची, ऑफिसच्या कृपेने.

"म्हणजे तूच का तो आमच्या ताईचा मदतनीस? चेंडूबिंडू उचलणारा?" भाऊ विचारत होता.

"नाही," डोंगर म्हणाला. "मी कोच."

"मग ताई काय करते?"

डोंगराने विचार केला. तोडक्या भाषेत माणसाला खोटं बोलायला वेळ लागतो, म्हणून तो बहुधा खरंच बोलतो. "त्या पण कोच," तो म्हणाला. "त्या जास्त कोच. मी कमी."

आत्याने त्याच्या हातातून फोन घेतला. भाऊ हसत नव्हता, हेच वाईट होतं. त्याने शांतपणे विचारलं की दोन-दोन कोच असून टीम सगळे सामने हरते का. आत्या हो म्हणाली. मग एक कोच कमी झाला तरी तेवढंच हरतील, असा त्याने हिशेब मांडला, आणि मोटर पुन्हा बिघडली आहे, हेही जाता जाता सांगितलं. आत्याने त्याला मोटरवाल्याचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

डोंगर पार्टिशनच्या पलीकडे गेला होता. प्लायवूडमधून त्याचा आवाज आला, "चेंडू पण मी उचलतो म्हणालात?"

"ते तुझ्या आईने म्हातारी म्हटलं त्याच्या आधीचं आहे," आत्या म्हणाली.

 मग प्लायवूड थरथरायला लागलं. तो हसत होता, आणि तेवढा मोठा माणूस हसला की भिंत हलायचीच. आत्याही हसली. मग दोघंही खाली उतरले आणि सेक्रेटरीला सांगून आले की उद्यापासून वार नकोत, रोज दोघंही येणार.

यामुळे एकी झाली असं कुणी समजू नये. आधी ते एकमेकांच्या पाठीमागे भांडायचे, आता मैदानात उभं राहून भांडायला लागले. आत्या म्हणायची लाथ मारणं म्हणजे हातातली भाकरी कुत्र्यापुढे टाकणं. डोंगर म्हणायचा सगळे जण चेंडूभोवती गोळा झाले की टीम नाही, रेशनची रांग होते. पोरं मधे बसून पाणी पीत ऐकायची. वकील दोन्ही बाजूंना शंका विचारायची. आणि कशी कोण जाणे, भांडण ऐकता ऐकता पोरांना आपोआप उमजायला लागलं, केव्हा चेंडू धरायचा आणि केव्हा लाथाडायचा. हरत होतीच, पण आता थोडक्यात हरत होती.

शेवटच्या शनिवारी समोरची टीम व्हॅनमधून उतरली तर तिच्यात चारच मुलं. बाकीच्यांना गालगुंड झालं होतं. त्यांच्या कोचलाही झालं होतं, त्यामुळे सोबत व्हॅनचा ड्रायव्हरच आला होता, आणि त्याला रग्बीतलं काही कळत नव्हतं हे त्याने उतरल्या उतरल्या सांगून टाकलं.

सेक्रेटरीने नियमांचं पुस्तक आणलं होतं. त्याने ते उघडून पाहिलं, मिटलं आणि पान्हा वर करून जाहीर केलं की समोर पाचाहून कमी खेळाडू आहेत, तेव्हा सामना आपण न खेळता जिंकलो. हंगामातला पहिला विजय. त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

पोरांनी वाजवल्या नाहीत. ती चार मुलं व्हॅनच्या सावलीत बुटांच्या लेस बांधून उभी होती, पहाटे उठून आलेली. घसरगुंडीने विचारलं, "मग आता घरी जायचं?"

आत्याच्या डोळ्यांसमोर उद्याचा रविवार आला. जिंकलो, एवढा एकच शब्द फोनवर बोलायचा होता. कसे जिंकलो हे भाऊ विचारणार नव्हता, त्याला खेळच कळत नव्हता. तो शब्द तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. तिने मैदानाकडे पाहिलं. आखलेल्या चुन्यावरून अजून कुणी पळालेलं नव्हतं.

"तीन जण त्यांच्याकडे जा," ती म्हणाली. "सात विरुद्ध सात."

सेक्रेटरीने पुस्तक पुन्हा उघडलं. मग तसा सामना खराच धरावा लागेल, तो म्हणाला, हरलात तर हरलात. आत्या म्हणाली, धरा.

जायला कुणी तयार होईना. शेवटी वकिलाने हात वर केला. म्हणाली, त्यांना ओळखीचं कुणी नाही, त्यांच्याकडून बोलायला कुणीतरी लागेल. तिच्या मागून दोघं गेले. आणि ड्रायव्हर बिचारा रेषेवर उभा राहून नुसतीच मान डोलवत होता हे बघून डोंगरही न विचारता पलीकडे जाऊन उभा राहिला.

तेव्हा कुठे त्या दोघांचं भांडण खरोखरच मैदानात उतरलं. आत्याचे सात चेंडू छातीशी धरून, छोटे छोटे पास देत पुढे सरकायचे. डोंगराचे सात लांब लाथ मारून सुटायचे. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, म्हणजे गुण. इकडे एक ट्राय झाला की तिकडे एक. लाँड्रीवाली दुकान बंद करून आली होती. दोन्हीकडे तिच्याच जर्सी, म्हणून तिने वकिलाला आणि त्या दोघांना जर्सी उलट्या घालायला लावल्या होत्या.

बरोबरी झाली आणि थोडाच वेळ राहिला. वकील चेंडू काखेत घेऊन सुटली. वाटेत फक्त घसरगुंडी होता. आत्याला वाटलं, आता हा बसणार. पण तो बसला नाही. डोळे घट्ट मिटून तो वकिलाच्या गुडघ्यांवर जाऊन आदळला आणि तिचे पाय बांधून तिला घेऊनच खाली पडला. आत्याने सोमवार-बुधवार जे घसा फोडून शिकवलं होतं ते अगदी तसंच. फक्त पडता पडता वकिलाने चेंडू मागच्या पोराला दिला. जवळच्याला, छोटा पास. तेही आत्याचंच शिकवणं होतं. त्या पोराने रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि सामना संपला.

आत्या ओरडत होती. घसा बसेपर्यंत ओरडली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण "शाब्बास" असं ओरडतोय, आणि कुणाला म्हणतोय ते आपल्यालाच माहीत नाही.

घसरगुंडी उठायला तयार नव्हता. त्याला लागलं नव्हतं. आपण पाडलं हे सगळ्यांनी नीट बघेपर्यंत त्याला तिथून हलायचं नव्हतं.

सेक्रेटरीने निकाल लिहिला. "बसल्या जागी जिंकलेला सामना," तो म्हणाला, "खेळून हरलात." त्याने आवाज चढवला नाही. नळ दुरुस्त करून निघावं आणि मागे पुन्हा टपटप सुरू व्हावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

हंगाम संपला तेव्हा डोंगराला परत जावं लागलं, त्याचा अर्धवट राहिलेला कोर्स पुरा करायचा होता. आत्याला संस्थेने विचारलं आणि ती अजून एक हंगाम राहते म्हणाली. भावाला तिने सगळं सरळ सांगितलं, शनिवारसकट. तो म्हणाला, जिंकलेला सामना सोडून देणारी माणसं त्याने ऑफिसातही बघितली नाहीत. मग विचारलं, तो गोल पोरगा खरंच बसला नाही का? आत्याने तो प्रसंग पुन्हा सांगितला. भावाने वहिनीला हाक मारली आणि आत्याला तो तिसऱ्यांदा सांगावा लागला.

डोंगर निघाला त्या दिवशी अख्खी टीम बसस्टँडवर होती. त्याने चेंडूंची जाळी आत्याच्या हातात दिली आणि म्हणाला, आईला खरं सांगितलंय. आत्याने विचारलं, काय म्हणाली? "म्हणाली, मग त्या बाईंची माफी माग. मी म्हटलं, त्या मागू देणार नाहीत." आत्याने त्याला वाकायला लावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि लाथ मारायची खोड सोड म्हणून सांगितलं. तो म्हणाला, नाही. बस सुटली.

सोमवारी सराव होता. पोरं नेहमीच्या जागी येऊन बसली आणि पाण्याच्या बाटल्या उघडून वाट बघायला लागली. आत्याने विचारलं, कशाची वाट बघताय? ती म्हणाली, भांडणाची. आता भांडायला कुणी नाही, असं आत्याने सांगितलं. त्यावर वकील उठून उभी राहिली. सरांची बाजू आजपासून ती मांडेल, असं तिने सांगितलं, आणि तिचा पहिला मुद्दा लांब लाथेबद्दल होता.

आत्याने तो मुद्दा खोडून काढला. वकिलाने दुसरा मांडला. त्या दिवशी सराव बराच उशिरा सुरू झाला.